तो गूळ मिलचा नव्हता

अक्का,

परवा लातूरला कोर्टात तारीख आहे. मिलवाले तडजोडीला तयार झालेत आणि त्यांच्या कागदावर मी सही करायची की नाही, हे मलाच ठरवायचं आहे. कुणाला विचारावं म्हटलं तर तूच आठवलीस. हे पत्र तुला पोचणार नाही, ते सोड. पोचलं असतं तरी तुला वाचता कुठं येत होतं? माझ्याकडूनच वाचून घेतलं असतंस आणि मध्येच म्हणाली असतीस, "हळू वाच की गं, यष्टी सुटून चाललीय का तुझी?" तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या हाताखाली तूर निवडणाऱ्या पोरी आता आज्या झाल्यात. मीही झालेय. नांदेडला लेकीकडे राहते. लेक शाळेत शिकवायला जाते, नातू शिकायला जातो, जावई ऑफिसला, आणि दुपारभर घरात मी आणि माझ्या छातीची घरघर, दोघीच असतो. डॉक्टर म्हणतात धुळीचा दमा, कामावरची धूळ खाऊन झालेला. कामामुळे आजार झाला तर मालकानं भरपाई द्यायची असा कायदा आहे. तो तेव्हाही होता म्हणे. आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही कुणाला विचारलं नाही. तर मी दावा लावलाय, आपल्या मिलवर. शेठ आवारात आले की पदर सावरून उभी राहणारी मी, आणि आता कागदावर माझ्या नावापुढं 'अर्जदार' आणि मिलच्या नावापुढं 'सामनेवाला'. तुला हे ऐकून आधी हसू आलं असतं आणि मग तू घाबरली असतीस.

तुझ्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला 'अहो अक्का' म्हणायची सवय होती. कंधारला वडिलांचं शिलाईचं दुकान, मी दहावी पास, मोठ्यांना अहोजाहो करायचं वळण. लग्न होऊन लातूरला आले. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, आणि टेम्पो रस्त्यावर कमी, गॅरेजमध्ये जास्त. तू दोन घरं सोडून राहायचीस. एका सकाळी दारात येऊन सासूला म्हणालीस, "सून घरात ठेवून काय लोणचं घालणार हाईस का तिचं? दे माझ्यासंगं." सासू तुला कधी उलट बोलायची नाही. मी तुझ्या मागोमाग डाळमिलच्या फाटकातून आत गेले. तू तिथली बायांची मुकादम. पहिल्याच दिवशी मी "अहो अक्का, हे कुठं ठेवू?" म्हणाले तर सगळ्या बायका खो खो हसल्या. तू म्हणालीस, "मी काय मास्तरीन हाय का? अहो-बिहो तुझ्या नवऱ्याला म्हण. मला तू म्हण." तेव्हापासून तू. आता वकीलबाईंना तुझ्याबद्दल सांगताना मी 'त्या, त्यांनी' असं बोलते, आणि दर वेळी वाटतं की मी दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय.

मिल तुला काय सांगायची, पण मला आठवायला आवडतं. आवारात सिमेंटच्या ओट्यावर तेलपाणी लावलेली तूर वाळत घातलेली असायची आणि आपण अनवाणी पायांनी ती उलटवत चालायचो. थंडीत ते काम फार सुखाचं, पाय शेकून निघायचे. आत शेडमध्ये निवडणी. आणि मागच्या अंगाला भुशाची खोली. यंत्रातून तुरीची टरफलं उडून तिथं येऊन पडायची, ती पोत्यांत भरायची. एक खिडकी होती, तीही कबुतरं शिरतात म्हणून पत्रा ठोकून बंद केलेली. आत गेलं की समोरच्या बाईचं तोंड दिसायचं नाही, खोकल्यावरून ओळखायचं कोण आहे ते. नाकावर पदर, पदरावर आणखी एक फडकं, तरी बाहेर येऊन थुंकलं की थुंकी पिवळी. घरी डोकं विंचरताना फणीत भुसा यायचा. नवरा म्हणायचा, तुला झटकली तर एका म्हशीची वैरण निघेल. हसायचो आम्ही. तरणी होते, हसण्यावारी जायचं सगळं.

संध्याकाळी यंत्राचा पट्टा थांबला की नळावर हातपाय धुवायचे, चुळा भरायच्या आणि तुझ्यासमोर हात पुढं करायचा. तू डब्यातून गुळाचा खडा काढून एकेकीच्या हातावर ठेवायचीस. "गूळ धुळीला धरून खाली नेतो. खाल्ल्याबिगर कुणी फाटकाभाईर जायचं न्हाई." यावर तुझा इतका विश्वास, की एखादी गोड नको म्हणाली तर तू तिच्या तोंडात कोंबायचीस. आम्हीही मानलं. गूळ चघळत घरी जाताना छाती खरंच मोकळी झाल्यासारखी वाटायची. तो गूळ कुठला हे सगळ्यांना ठाऊक होतं. निलंग्याजवळ तुझ्या भावाचा ऊस, भावाचंच गुऱ्हाळ. हंगामात तुला माहेरहून ढेपी मिळायच्या. माहेरचा गूळ लोक घरात जपून ठेवतात, सणावाराला काढतात, पाहुण्यांपुढं मिरवतात. तू तो एसटीच्या टपावर टाकून लातूरला आणायचीस आणि मिलमध्ये वाटून टाकायचीस. एकदा शेठ कुणा पाहुण्यांना मिल दाखवत होते. बायका नळापाशी गूळ खाताना बघून पाहुणे म्हणाले, "वा, कामगारांना गूळ देता तुम्ही." शेठ नुसते हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझं डोकं तापलं. मी तुला कोपरानं ढोसलं, तर तू म्हणालीस, "हासू दे की. त्याच्या हासण्यानं गूळ कमी होतोय का आपला?"

तुझं दुसरं एक होतं, ते तेव्हा मला फार मोठं वाटलं नव्हतं. भुशाच्या खोलीची पाळी. कुणीही बाई एका दिवसात एका पाळीच्या वर त्या खोलीत जाणार नाही, आणि दोन जिवांची बाई तर त्या बाजूला फिरकणारच नाही, असा तुझा नियम. मॅनेजर कुरकुर करायचा, की रोज नव्या बाया पाठवल्या की हात बसत नाही, एकीलाच कायमची लावा. तू त्याला म्हणायचीस, "एकीनंच किती खायची धूळ? सगळ्या मिळून वाटून खाऊ." ताटातलं वाटून खावं तशी धूळ वाटून दिलीस आम्हाला. मी एकदा शहाणपणा केला होता. माझ्याबरोबरची एक नवी पोर रडवेली झाली होती, म्हणून तुला न विचारता तिची पाळीही मीच केली. वाटलं, तू शाबासकी देशील. तू सगळ्यांसमोर माझा हात धरून मला बाहेर ओढलंस. "लई शहाणी झालीस का? तुझी छाती काय सिमिटाची हाय? पाळी वाटायला मी हाय, मरायला तू कशाला पाहिजेस?" मला इतकं लागलं की त्या संध्याकाळी मी गूळ न घेताच फाटकाकडं निघाले. तू मागून आलीस, माझ्या तोंडात खडा घातलास आणि पुढं निघून गेलीस. रागात तू चालायचीस कशी, ताड ताड, तेही मला अजून दिसतं.

पाळ्या वाटून जी उरायची ती तू घ्यायचीस. हे आम्ही बघत होतो आणि बघून सोडून देत होतो, कारण तू मुकादम, तुला कोण सांगणार. मग तुझा खोकला सुरू झाला. चार पावलं चाललीस की बसायचीस. वय झालंय, म्हणायचीस, आणि आम्हीही तेच म्हणायचो. शेवटी तू घरीच पडलीस, आणि मी भाकरी घेऊन आले की विचारायचीस, "खोलीत आज कोण हाय?" तुझ्यानंतर मिलनं बायका ठेकेदाराकडं दिल्या. त्याला पाळ्याबिळ्या काही माहीत नव्हत्या. ही बाई धडधाकट आहे, दहावी शिकलीय, पोती मोजून ठेवते, म्हणून त्यानं मला भुशाच्या खोलीत लावलं ते लावलंच. नवरा गेला, लेक शिकत होती, मी नाही म्हणू शकले नाही. किती वर्षं ते मोजत बसत नाही. लेकीची नोकरी लागली आणि एक दिवस मिलचं फाटक ते घर एवढं चालताना मला तीनदा रस्त्यावर बसावं लागलं. लेक येऊन मला नांदेडला घेऊन गेली.

इथल्या डॉक्टरांनी जे विचारलं ते आधी कुणी विचारलंच नव्हतं. लातूरला खोकल्याची बाटली मिळायची, सुई मिळायची. हे डॉक्टर छाती तपासून झाल्यावर म्हणाले, "काकू, काम काय करत होता?" मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मोठ्या अभिमानानं गुळाचंही सांगितलं, की आम्ही रोज गूळ खात होतो, तरी असं कसं झालं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते. दोघांचे रस्ते वेगळे आहेत." अक्का, खरं सांगते, त्या दिवशी मला तुझा राग आला. इतकी वर्षं आम्हाला खुळ्यासारखा गूळ चारलास म्हणून. घरी येऊन मी लेकीला म्हणाले, आमची अक्का पण ना. आणि मग दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलेला दुसरा प्रश्न आठवला, दम कधीपासून लागतोय? मी मागं मागं जात राहिले. तुझ्या हाताखाली होते तोवर मी त्या ओट्यावर नाचत होते. दम लागायला लागला तो तुझ्यानंतर. गुळानं काही केलं नव्हतं. तुझ्या पाळीनं केलं होतं. तुला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, तू सगळं श्रेय गुळाला देऊन मोकळी झालीस. मी आज धापा टाकत का होईना नातवाचा अभ्यास घेते, चार शब्द लिहिते, ते तू मला ओढून बाहेर काढत होतीस म्हणून. हे तुला तोंडावर कधी म्हणाले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, मानले असते तर तू म्हणाली असतीस, काय ताप आलाय का तुला.

आता तडजोडीचं. वकीलबाई भली आहे, माझ्या लेकीच्याच वयाची. तिनं आधीच सांगितलं होतं, की खटला चालवला तर जिंकू, पण वर्षं जातील, मिलवाले वरच्या कोर्टात जातील. तडजोड केली तर परवाच्या तारखेला मोकळ्या. तिनं 'वर्षं जातील' म्हटलं आणि लगेच खाली बघितलं. माझ्याकडं वर्षं किती आहेत याचा विचार तिच्याही मनात आला असणार. लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मी दवाखान्यात जायला खाली उतरते तेव्हा जावई पाठीशी चालतो, आणि वर चढताना जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर शेजाऱ्यांनी माझ्यासाठी एक स्टूलच ठेवून दिलंय. घरात प्राणवायूचं यंत्र भाड्यानं आणलेलं आहे. लेक काही बोलत नाही, पण तिनं यंदा स्वतःसाठी एक साडी घेतलेली मला आठवत नाही. म्हणून मी तडजोडीला कबूल झाले. मिलनं जो आकडा दिला तोही वाईट नव्हता. मग कागदाचा मसुदा आला आणि मी तो वाचला. त्यात एक ओळ होती. मिलतर्फे कामगारांना आरोग्यासाठी दररोज गूळ देण्यात येत असे व त्यांच्या प्रकृतीची संपूर्ण काळजी घेतली जात असे, हे अर्जदारास मान्य आहे.

मी ती ओळ वाचली आणि मला ठसका लागला. तो उतरेपर्यंत लेकीनं पाठ चोळली. तिला वाटलं दम्याचा आहे.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन मी लातूरला वकीलबाईंच्या ऑफिसात गेले, तिथं धाकटे शेठ आले होते. थोरले शेठ जाऊनही बरीच वर्षं झाली. धाकटे आता केस पिकलेले, चष्मा लावलेले, मला बघून उठून उभे राहिले. मी म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. ही गुळाची ओळ काढा."

"काकू, पण मी स्वतः बघितलंय ना," ते म्हणाले. "कॉलेजच्या सुट्टीत मी मिलमध्ये यायचो. संध्याकाळी तुम्ही सगळ्या नळापाशी गूळ खात बसायच्या."

"खात होतो. पण तो तुमचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"आमच्या अक्काचा. माहेरचा. निलंग्याहून आणायची."

ते सोबत आणलेल्या आपल्या वकिलाकडं बघत राहिले. हा माणूस खोटं बोलत नव्हता, अक्का. त्याला खरंच वाटत होतं, की गूळ त्याच्या वडिलांनी वाटला. त्यांचा वकील म्हणाला, "बाई, एका ओळीनं तुमचं काय जातं? रक्कम तर तीच राहते." आमची वकीलबाई बाहेर आल्यावर मला म्हणाली, "काकू, तुमच्या मागं त्याच मिलच्या आणखी दोघी माझ्याकडं येऊन गेल्यात. ही ओळ उद्या त्यांच्यापुढं ठेवतील. म्हणतील, तुमच्याच बाईनं लिहून दिलंय की काळजी घेत होते. पण तुम्ही त्यांच्यासाठी थांबा असं मी म्हणणार नाही. तुमची तब्येत मला दिसतेय." परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि लेक माझ्याकडं. शेवटी ती म्हणाली, "आई, कशाला हट्ट करून राहिलीस? अक्का काय बघायला येणार आहेत का? आणि आल्या असत्या तरी त्याच म्हणाल्या असत्या, कर सही." तसं तू म्हणालीच असतीस असं मलाही वाटलं. त्याच्या हासण्यानं गूळ कमी होतोय का, असं म्हणणारी बाई तू.

मग मला तो निलंग्याचा दिवस आठवला. तू एकदा मला ढेपी आणायला बरोबर नेलं होतंस, एकटीला उचलत नव्हत्या म्हणून. तुझ्या भावाचं गुऱ्हाळ, कढईतून उकळत्या रसाचा वास, तुझी भावजय चुलीपाशी बसून आपल्याला वाढतेय. ती आणि तू अर्धं मराठीत, अर्धं कानडीत बोलत होता, मला काही कळत नव्हतं आणि तरी मी तुमच्याबरोबर हसत होते. निघताना भावानं ढेपी बसपर्यंत आणून दिल्या. तुझ्या पायाला हात लावला. मला वाटलं काय भाऊ आहे. बस गावाबाहेर पडली. मग म्हणालीस, की बाप गेल्यावर जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर तुझा अंगठा घेतला होता, आणि तेव्हापासून दरवर्षी हा गूळ येतो. मी म्हणाले, "मग नाही म्हणायचं होतंस." तू म्हणालीस, "जमिनीचं काय न्हाई गं. भाऊच हाय, खाऊ दे. पर त्या कागदावर लिव्हलं हुतं, म्या राजीखुशीनं दिली. म्या राजी नव्हते. आन् खुशी तर न्हाईच न्हाई. मागनं एकानं वाचून दाखिवलं तवा कळलं. जमीन गेली ते इसरले मी. ते राजीखुशी तेवढं न्हाई इसरत." आणि मग माझ्याकडं वळून, बोट रोखून, जणू मीच अंगठा दिला होता, म्हणालीस, "तुला वाचता येतंय. तू तरी बिनवाचता सही करू नगंस कुठं."

शेठचं हसणं तुला चाललं, कारण ते हवेत गेलं. कागदाचं तुला चाललं नव्हतं. हे आठवल्यावर मला तुझं उत्तर मिळालं, आणि लेकीचं म्हणणं अर्धंच खरं आहे हेही कळलं.

मी धाकट्या शेठना फोन लावून सांगितलं, की ओळ काढा, हवं तर रक्कम कमी करा. ते दोन दिवसांनी फोनवर म्हणाले, "काकू, रक्कम वाढवतो. पण ओळ राहू द्या." मला वाटलं वकिलानं पढवलंय. पण मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "बाबांच्या शोकसभेत मी हेच बोललो होतो. की बाबा कामगारांना रोज स्वतः गूळ द्यायचे. लोक अजून भेटले की त्याची आठवण काढतात. आता मी कुठल्या तोंडानं..." मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. त्यांना त्यांचं गेलेलं माणूस सांभाळायचं आहे, मला माझं. फक्त त्यांच्याकडं मिल आहे, बंगला आहे, वडिलांचा फोटो हार घालून लावलेला आहे. तुझा फोटोसुद्धा नाही गं कुणाकडं. तुझं म्हणून जगात जे काही उरलंय ते एवढंच, की एक बाई होती, तिनं भावाकडून आपल्या वाट्याचं जे मिळालं ते आमच्या हातावर ठेवलं. तेही लिहून देऊन टाकलं तर मग काय राहिलं? आणि त्या दोघी मागं उभ्या आहेत. त्या खोलीत त्या माझ्यानंतर गेल्या. तू असतीस तर त्यांची नावं आधी विचारली असतीस.

वकीलबाई म्हणते, तडजोड कोर्टात नोंदवताना जज्जसाहेब स्वतः विचारतात, तुम्ही हे समजून आणि राजीखुशीनं करताय ना? तुला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारणार आहेत. परवाच्या कागदातून ओळ काढली असेल तर मी हो म्हणेन, जी रक्कम असेल ती घेईन आणि शेठला नमस्कार करून येईन. ओळ असेल तर नाही म्हणेन. मग चालू दे खटला, मी असेन तोवर मी आणि नसले तर पुढं जे व्हायचं ते. माझी साक्ष आधीच नोंदवून ठेवता येते का, तेही वकीलबाईंना विचारून झालंय. येते म्हणाली. त्या साक्षीत मी तुझ्या पाळीचं सांगणार आहे, गुळाचं सांगणार आहे, आणि गुळानं काही होत नाही हेही सांगणार आहे. राग मानू नकोस. खोटं नको म्हटल्यावर तेही खोटं नको.

लेकीचं मात्र राहिलं. ती गेल्या आठवड्यात एक तळमजल्यावरचं घर बघून आली. पुढं छोटंसं अंगण आहे, दारात खुर्ची टाकून बसता येईल, म्हणाली. तडजोडीच्या भरवशावर तिनं घरमालकाला शब्द दिलाय. मला सांगताना तिचा चेहरा लहानपणी पास होऊन यायची तसा झाला होता, आणि मी म्हणाले, छान आहे. तेवढंच म्हणाले. तिच्या लेखी मी परवा सही करणार आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी करून उशीच्या अभ्र्यात ठेवीन. पण एक कबूल करते, अक्का. सुरुवातीला मी लिहिलं की ठरवायचं आहे, म्हणून तुला विचारतेय. तसं नाही. माझं कधीच ठरलंय. लेकीला कसं सांगू ते कळेना, म्हणून आज दुपारी तुला लिहीत बसले. तुला सांगणं सोपं होतं, तू मध्ये बोलत नाहीस. ती बोलेल, रडेल, आणि तिचं काही चुकणार नाही. जिन्यात तिच्या चपला वाजतायत. मधल्या कट्ट्यावर थांबून ती माझं स्टूल सरळ करतेय, रोज करते. आता आत येईल.